भिंतीला भात

मूल भिंतीवर रेघोट्या ओढायला लागलं की पुण्यातला, साताऱ्यातला किंवा लातूरमधला बाप काय करतो? ओरडतो. तो त्याचा हक्कच आहे, आणि त्याच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा उभी असते. डहाणूतल्या बापाची पंचाईत अशी की इथली परंपरा नेमकी पोराच्या बाजूने उभी आहे. ज्या तालुक्याचं नाव भिंतीवरच्या चित्रांमुळे परदेशात पोचलं, तिथे बसून 'भिंतीवर काढू नये हं, बाळा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पोरीला कडेवर घेऊन बाहेर पडलं की शाळेच्या कुंपणावर तारपा नाच, कचेरीच्या भिंतीवर तारपा नाच, आणि खाणावळीत हात धुवायची जागा दाखवायलाही एक त्रिकोणी वारली माणूस हात लांब करून उभा. पोरगी हे सगळं बघत असते. ती काही बोलत नाही, पण घरी आल्यावर आपल्याकडे ज्या नजरेने बघते त्यावरून कळतं की तिने पुरावे गोळा केलेत.

त्यात मी पडलो कल्पक पालक. ही जात ओळखायची खूण सोपी आहे. बालसंगोपनाचं सगळं ज्ञान तिला मूल व्हायच्या आधी झालेलं असतं. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, अधूनमधून गोष्टी लिहितो आणि कोणी बोलावलंच तर पालकांपुढे भाषणही ठोकतो. 'मुलाला घरातली एक भिंत देऊन टाका' हे माझं हुकमी वाक्य. त्यावर टाळी ठरलेली. टाळ्या वाजवणारे म्हणजे पहिल्या रांगेतले आजोबा आणि शेवटच्या रांगेतली कॉलेजची पोरं. मधल्या रांगांमधले तरुण आईबाप मात्र हात मांडीखाली दाबून बसलेले असायचे. मी ते सभागृहातल्या पंख्यांवर ढकललं होतं.

लेकीचं कागदोपत्री नाव चार अक्षरी आणि अर्थपूर्ण आहे, कारण आमच्यासारख्यांच्या मुलांच्या नशिबी साधं नाव नसतं. पण जन्मली तेव्हा तिच्या अंगावरची भुरी लव बघून माझ्या आईने तिला 'चिकू' म्हटलं आणि तेच राहिलं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमचा चिकू मानांकनाशिवायच बाजारात फिरतो. मी 'चिकूऽऽ' अशी हाक मारली की ती सोडून बाकी सगळे वळतात. एका टोपलीवाल्या बाईंनी तर मी दुसरी हाक मारायच्या आत भाव सांगून तराजू उचलला होता.

वारली चित्रांतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. पिठात पाणी, थोडा डिंक, आणि कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. भिंत कुडाची, शेणामातीने सारवून गेरूने तांबडी केलेली. चिकूचं साहित्य याच्याशी जवळजवळ जुळतं. तांदूळ तोच, फक्त तिचा शिजलेला असतो, वर तूप आणि मेतकूट. डिंक तिला लागत नाही. रात्रभर वाळलेला मऊभात भिंतीवरून काढायला लांबी भरायची पत्र्याची पट्टी लागते, हे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कुंचल्याचं टोक चावण्यात तर ती कोणालाही हार जाणार नाही. माझे जपून ठेवलेले ब्रश तिने असे काही मऊ केलेत की आता त्यांनी फक्त दाढीचा साबण लावता येतो. उरला गेरू. त्याच्या जागी आमच्याकडे मोतिया रंगाचा डिस्टेंपर आहे. त्यावर वरणाचा पिवळा फार खुलून दिसतो, पण तो वारली परंपरेत बसत नाही एवढंच.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी इथल्या माणसांच्या हातात कागद दिला, आणि तोवर लग्नघराच्या भिंतीवर राहणारी ही कला कागदावर उतरून मुंबईला गेली. कलेच्या इतिहासात याची नोंद दोन ओळींत संपते. मला आता त्या दोन ओळींच्या मधली हकीगत हवी आहे. कागद नेमका कसा पुढे केला? कोणत्या वेळी? समोरच्याचं पोट भरलेलं होतं का? मी चिकूपुढे पुठ्ठा ठेवला, हातकागद ठेवला, पाठकोरे कागद ठेवले. तिच्या लेखी कागद हा खाद्यपदार्थ आहे, आणि चवीच्या यादीत तो चपलेच्या जरासा वर येतो. कधीतरी त्याचा तिकीट म्हणून उपयोग होतो. तो आजीला द्यायचा, आजीने फाडून परत द्यायचा. एकदा मी फार आर्जव केलं तेव्हा तिने एक रेघ कागदावर सुरू केली आणि ती न थांबता कागदाच्या कडेवरून सतरंजीवर, सतरंजीवरून फरशीवर आणि फरशीवरून भिंतीवर नेऊन संपवली. मी कागद उचलला तर माझ्या हाती त्या चित्राची जेमतेम सुरुवात आली.

कल्पक पालकाचा दुसरा रोग म्हणजे त्याला अर्थ हवा असतो.

'ही नदी का गं?'

मान आडवी.

'सूर्य?'

मान आडवी.

'आजी का?'

चिकूने आजीकडे नीट बघितलं, विचार केला, आणि मुठीतला उरलेला भात भिंतीवर फेकला. मी खाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारीख घातली. बायको अंधेरीला नोकरी करते, पहाटेच्या गाडीने जाते आणि संध्याकाळी लोकलभर माणसं अंगावर घेऊन परत येते. तिने पर्स खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे बघून विचारलं, 'हे तिने काढलंय की सांडलंय, एवढं आधी ठरव. तारीख नंतर घाल.'

यावर अधिकारी व्यक्तीचं मत घ्यावं असं मला वाटलं, आणि ती व्यक्ती रोज सकाळी आमच्याकडे भांडी घासायला येते. या मावशी गंजाडच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. वारल्यांत लग्नाआधी सवाशिणी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसवतात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. मावशींनी असे किती चौक लिहिलेत ते त्यांनी मोजलेलं नाही. शहरातले लोक या कलेवर प्रबंध लिहितात, मावशी त्या काळात तांदूळ वाटतात. मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि समीक्षेची वाट बघत बसलो.

त्यांनी पदराला हात पुसले. वरपासून खालपर्यंत बघितलं.

'दादा, हे कोनाच्या लग्नाचं?'

'लग्नाचं नाही, मावशी. सहज काढलंय तिने.'

'मग कशाला?'

मी मुलांची अभिव्यक्ती, हाताच्या स्नायूंचा विकास, मोकळेपणा वगैरे जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फडकं ओलं केलं.

'लग्न नाय ना? पुसते मग.'

मी आडवा आलो. हे जपून ठेवायचंय, मोठी झाल्यावर तिला दाखवायचंय, असं म्हणालो. मावशींना माझी दया आली असावी. 'आमची भीत पन सारवतो ना पुढल्या लग्नाला,' त्या म्हणाल्या, 'जुनं ठेवलं तर नवीन कुठं लिवायचं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिकूकडे होतं. ती वाटी उचलून शेजारच्या भिंतीकडे गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिला उत्तेजन मिळावं म्हणून त्या भिंतीवर वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, मी स्वतः एक तारपा नाच काढला होता. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर गोल डोकं, आणि मधल्या तारपेवाल्याभोवती गोल गोल फिरत जाणारी हातात हात गुंफलेली माणसं. पंधरा वर्षं चित्रं काढून खाणाऱ्या माणसाचं काम, प्रमाणबद्ध होतं. दिवाळीआधी रंग द्यायला उंबरगावकडचा एक रंगारी आला. भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने जाणकारासारखी मान हलवली.

'साहेब, हे हातकाम ठेवायचं ना? हॉटेलवाले अशाचे पैसे मोजतात.'

मी विनयाने म्हटलं, घरगुतीच आहे.

'तेच सांगतो. खालचं ठेवू, त्याच्यात दम आहे. वरचं ते बेबीने केलेलं पुसून टाकतो.'

मी काही बोललो नाही. बायकोने त्याला चहाबरोबर चकल्या दिल्या, आणि संपल्यावर परत दिल्या.

दीड वर्षाची झाली तरी चिकू बोलेना. नातेवाइकांच्या फोनला ऊत आला. माझ्या आईचं जिभेवर वेखंड उगाळून लावून झालं, शंखातलं पाणी पाजून झालं. मी मात्र निश्चिंत होतो, कारण माझ्याकडे जिव्या सोमा मशे होते. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या या मुलाची आई तो सात वर्षांचा असताना गेली आणि त्याने बोलणं सोडलं. बरीच वर्षं तो जमिनीवरच्या धुळीत चित्रं काढून लोकांशी बोलायचा. पुढे ते गंजाडच्या कळंबीपाड्याला राहिले. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 1989 साली पॅरिसला पाँपिदू केंद्राच्या प्रदर्शनात चित्रं, 2011 साली पद्मश्री. ज्या काळात चौक लिहिणं हे बायकांचं काम होतं, त्या काळात हा पुरुष लग्नकार्याची वाट न बघता रोज चित्रं काढत बसायचा. 2018 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा निम्मा तालुका हळहळला. ही हकीगत मी प्रत्येक फोनवर सांगायचो, शेवटी आवाज जरा खाली आणून. नाशिकच्या आत्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, 'बरं, पण मग ते बोलायला कधी लागले?'

खरं सांगायचं तर ही तुलना मशे यांच्यावर अन्याय करणारी होती. त्यांचं मौन दुःखातून आलं होतं. चिकूचं मौन हे धोरण होतं. नुसतं बोट दाखवल्यावर फळीवरचा डबा, कपाटातला मोबाइल आणि शेजारच्यांचं मांजर हजर होत असेल तर तोंड कोण शिणवेल? बोट दाखवून भागेना अशी वेळ आली तेव्हा ती बोललीच. पहिला शब्द 'आई' असेल की 'बाबा' यावर आम्हा नवराबायकोत पैज लागली होती. पहिला शब्द आला 'नाय'. अगदी ठसठशीत, गंजाडच्या वळणाचा. पैज मावशी जिंकल्या.

बालशिक्षणावर मत असलेल्या माणसाने राहायला डहाणू निवडावं हे पंढरपुरात कीर्तनाचा क्लास काढण्यासारखं आहे. गावाबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडकांनी 1945 साली इथून जवळच बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. 1957 साली दोघी कोसबाडला आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणताना यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जी अंगणवाडी दिसते तिची सुरुवात या बाजूच्या पाड्यांवरची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. आणि शिकवायला साहित्य काय? पानं, बिया, दगडगोटे, शंखशिंपले, जे हाताशी असेल ते. पोरांना आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, मग शिकवायचं.

हे सगळं वाचलेलं असूनही मी एक लाकडी खेळण्यांचा संच मागवला होता. बिनरंगी, बिनआवाजी, खोक्यावर परदेशी मुलगा शांत बसलेला. किंमत बायकोला अजून निम्मीच माहीत आहे. चिकूने त्यातला दंडगोल घेऊन दंडुका म्हणून वापरला, ठोकळा दाराला अडसर म्हणून लावला, आणि बाकीच्यावर ती बसली. तेव्हा मला अनुताई आठवल्या. मी दुसऱ्याच दिवशी पारनाक्याच्या किनाऱ्यावर जाऊन शिंपले वेचले, आईकडून चिंचोके घेतले, सागाची पानं आणली, जुन्या डब्यातून सागरगोटे काढले आणि सुपात मांडून लेकीपुढे ठेवले. आता ती वर्गीकरण करणार, पोत चाचपणार, मोजणार.

तिने पहिल्यांदा शिंपला चाटला. खारट लागला. तिला तो फार आवडला असावा, कारण तिने एकेक करून सगळे चाटले आणि चाटून झालेले एका बाजूला ठेवले. मी बायकोला फोन करून सांगितलं की वर्गीकरण सुरू झालंय. मग चिंचोक्यांची पाळी. मी वीस मांडले होते, सूप उचलताना एकोणीस भरले. घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काही होत नाही, वाट बघा. विसावा चिंचोका दुसऱ्या दिवशी सकाळी यथास्थित सापडला आणि आमचं अंकगणित जुळलं. कोसबाडला या वयाची पोरं चिंचोक्यांचं काय करत असतील हे मी पुष्कळ शोधलं. माझ्या आईचं म्हणणं, 'तिथे दोन बाया डोळ्यांत तेल घालून बसत होत्या. तू फोनवर वर्गीकरण सांगत होतास.' आणि मग, न विचारता, 'तुला आम्ही एका वाटी-चमच्यावर वाढवलं.'

चिकू पहाटे साडेचारला उठते. तिची आई गाडी पकडायला निघते त्या आवाजाने उठते, आणि आई गेली की हुकूम चालवायला मी उरतो. याच भागातल्या वारल्यांनी 1945 साली जमीनदारांची वेठ करायला नकार दिला, त्या लढ्यावर गोदावरी परुळेकरांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. गोदूताईंची क्षमा मागून सांगतो, आमच्या घरात माणूस जागा होतो तेव्हा वेठ सुरू होते. घोडा हो, झोपाळा हो, दार हो. दार होणं म्हणजे काय ते सांगतो. पाय फाकून उभं राहायचं, ती मधून जाते, मग परत येते, मग परत जाते. उजाडेपर्यंत मी दार असतो.

दुपारी एक ते तीन मात्र शांतता. केंद्र सरकारने 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, इथे कोणते उद्योग चालतील यावर बंधनं आली आणि पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरणही बसलं. आमच्या घरात त्या दोन तासांपुरतं प्राधिकरण माझी आई. मिक्सर, कुकर, दाराची कडी, माझी शिंक हे सगळे प्रदूषणकारी उद्योग. प्राधिकरण पलंगाच्या कडेला हातात विणकाम घेऊन बसतं आणि मी पाणी प्यायला उठलो तरी माझ्याकडे ना-हरकत दाखला नसल्यासारखं बघतं. मला चित्राचं काम करायला दिवसातली तीच वेळ. मी कागदावर पेन्सिल टेकवतो. प्राधिकरण म्हणतं, 'खरखर करू नकोस.'

भातकापणी झाल्यावर मावशींनी आम्हाला तलासरीकडच्या एका पाड्यावर नाच बघायला बोलावलं. मी खूश झालो, आयुष्यभर जे काढत आलो ते पोरीला दाखवायची संधी. वाटेत मी तिला नाचाचे नियम समजावत होतो. तारपेवाला मधे, नाचणाऱ्यांनी त्याला पाठ दाखवायची नाही, तो फिरेल तशी साखळी फिरते. ती माझा कान चावत होती. तिथे पोचलो, तारपा सुरू झाला, आणि मी खिशातून वही काढेपर्यंत चिकू खांद्यावरून उतरून दोन बायांच्या मधे शिरली होती. त्यांनी न बघता तिचे दोन्ही हात धरले. तिचे पाय जमिनीला लागत होते त्यापेक्षा जास्त हवेत होते, पण ठेका चुकत नव्हता. मग मलाही कोणीतरी ओढलं. तारपा नाचाची शेकडो चित्रं काढलेला मी. तिसऱ्या पावलाला माझा डावा पाय शेजारच्याच्या उजव्यावर पडला आणि साखळी तुटली. एक म्हातारे आजोबा हसून म्हणाले, 'पोरीला राहू दे, तू बस.'

तारपा वाळलेल्या दुधीचा करतात, त्याला बांबू आणि ताडाचं पान जोडून. हे मी चिकूला तिथेच सांगितलं आणि ते तिला नेमकं कळलं. घरी आल्यावर आईने कोफ्त्यांसाठी आणलेला दुधी गायब. तो पलंगाखाली सापडला तेव्हा त्याच्या देठाकडच्या टोकाला बारीक दातांच्या खुणा होत्या आणि चिकू गाल फुगवून त्यात फुंकत होती. आवाज येत नव्हता. तो तिने स्वतः तोंडाने काढला. आम्ही तिघांनी तिच्याभोवती फिरायचं, तिला पाठ दाखवायची नाही. बायको ऑफिसच्या कपड्यांत फिरली. दुधीला वास येईपर्यंत तो चिकूच्या उशाशी झोपला, आणि कोफ्ते आम्ही त्या आठवड्यात बटाट्याचे खाल्ले.

एवढं होऊनही एक क्षेत्र माझं होतं, निदान असं मी समजत होतो. झोपतानाची गोष्ट. मी गोष्टी लिहितो, छापून येतात, मुलांची पत्रंही येतात. म्हणून मी चिकूसाठी दर रात्री नवी गोष्ट रचायचो. समुद्रात हरवलेल्या खेकड्याची, ताडाच्या शेंड्यावर अडकलेल्या चंद्राची, महालक्ष्मीच्या यात्रेत स्वतःलाच विकायला निघालेल्या पिपाणीची. प्रत्येक गोष्टीला सुरुवात, मध्य आणि अनपेक्षित शेवट. चिकूला अनपेक्षित शेवट चालत नाही. शेवट अनपेक्षित आला की ती उठून बसते.

एका रात्री मी घसा बसल्याने पडून होतो आणि बायकोने तिला कुशीत घेतलं. दिवसभर दमलेली बाई, गोष्ट कुठून आणणार? डोळे मिटून ती पुटपुटायला लागली. डहाणू रोड. वाणगाव. बोईसर. उमरोळी. पालघर. केळवे रोड. सफाळे. वैतरणा. विरार. लोकल 2013 साली डहाणूपर्यंत आली तेव्हापासून रोज प्रवास करणाऱ्याला हा क्रम झोपेतही पाठ असतो. चिकू केळवे रोडला झोपली. बायको सफाळ्याला.

तेव्हापासून आमच्याकडे हीच गोष्ट चालते. माझी छापील पुस्तकं उशाला असतात, उशी म्हणून. बायकोला यायला उशीर झाला की गाडी मला चालवावी लागते, आणि लेखकाचा स्वभाव जात नाही. पालघरला मी दोन ओळींची गर्दी घातली. 'नाय.' बोईसरला एक आजोबा टोपली घेऊन चढवले. 'नाय!' परवा मला वाटलं की झोपली, आणि डब्यात एकट्या बसलेल्या एका छोट्या वाघाला मी हळूच वैतरणेच्या पुलावर खिडकीतून बाहेर बघायला लावलं. चिकूने डोळे उघडले, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, 'बाबा, उमोळी राहिली.'

खरंच राहिली होती. वाघाला खाली उतरवलं आणि गाडी परत डहाणू रोडला नेऊन लावली.